डाव्या डोळ्यातला दाणा

डावा

"डोळा मारू नकोस," रावसो म्हणाला.

"मी कुठं मारतेय? उजवा आपोआप मिटतोय."

"लोकांच्या बायका लाजून मिटतात. तू थेंबाला भिऊन."

"टाका की गुमान. कामाच्या पाळीला उशीर होतोय."

वैजयंता खाटेवर उताणी पडली होती आणि तिचा नवरा औषधाची बाटली तिच्या डाव्या डोळ्यावर धरून वाकला होता. रोज सकाळचा हा कार्यक्रम. थेंब पडायचा डाव्यात. पण उजवा, ज्याला कुणी हातही लावणार नव्हतं, तोच आधी गच्च मिटून बसायचा. आतल्या खोलीत सासूबाई भांडी जरा जास्तच वाजवायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवराबायकोने सकाळी सकाळी एवढ्या जवळून एकमेकांकडे बघावं, हे त्यांना औषधापुरतंसुद्धा पटत नव्हतं.

थेंब घालून झाला की दाराशेजारच्या आरशासमोर उभं राहायचं. तळहाताएवढा आरसा, योजनेतून मिळालेला. तो दोन्ही डोळे निरखायचा आणि त्याची कड हिरवी व्हायची. वर्षभर ती हिरवीच होत आली होती. इतकी, की वैजू त्याच्यासमोर उभी राहून वेणी घालायची.

त्या दिवशी कड केशरी झाली.

वैजूने खालची पापणी ओढून पाहिलं. बुबुळ संपतं आणि पांढरं सुरू होतं, त्या काठावर रव्याच्या कणाएवढा एक दाणा आला होता. टोकाशी पांढुरका, आणि त्याच्याकडे धावत आलेल्या लाल शिरांचा झुबका.

रावसो तिच्या खांद्यावरून आरशात बघत होता.

"कोण?" त्याने विचारलं.

दुखतंय का, असं नाही विचारलं. पाणी येतंय का, असंही नाही. आधी विचारलं ते "कोण?" वैजूने ते ऐकून ठेवलं. मग तिच्या लक्षात आलं, की तिच्याही मनात पहिला शब्द तोच आला होता, आणि तो आला तेव्हा ती आरशात रावसोकडेच बघत होती.

उजवा

इचलकरंजीत आता धोट्याचे माग शोधावे लागत. सगळीकडे बिनधोट्याची, कुजबुजल्यासारखी चालणारी यंत्रं आली होती. या एका शेडमध्ये मात्र अजून खडखडाट होता. धोटा कापडातून आडवा धागा घेऊन जातो आणि उलटा फिरून परत येतो, त्यामुळे कापडाचा काठ आपोआप बंद होतो. तसला बंद काठ परदेशातल्या कुणाकुणाला हवा असतो, म्हणून मालकांनी हे माग मोडीत काढले नव्हते.

शेडमध्ये विणकर चार, गुरसिद्ध अण्णा, मुश्ताक, सिंधूताई आणि रावसो, आणि बदली एक. बदली म्हणजे वैजू. जो जेवायला जाईल त्याच्या मागांवर ती, जो चहाला जाईल त्याच्या मागांवर ती, आणि जो रजेवर जाईल त्याच्या मागांवर अख्खी पाळी ती. स्वतःचा असा माग नाही आणि कुठला माग परका नाही. क्षय आधी पकडायच्या योजनेत शेडची राखणदार म्हणून तिची निवड झाली ती याच कारणाने. डॉक्टर नसीम बागवान पहिल्यांदा शेडमध्ये आल्या, तेव्हा सुताच्या गठ्ठ्यावर बसून त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं.

"क्षयाचा जंतू तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या छातीत झोपलेला असेल. तो झोपलाय तोवर तुम्ही आजारी नाही आणि तुमच्यापासून कुणाला धोकाही नाही. पण तुमच्या रक्तातल्या काही पेशी त्याला ओळखून असतात. त्याच्या अंगातलं प्रथिन पुन्हा कुठं भेटलं, की त्या चवताळून धावतात. काही माणसांत त्या डोळ्याच्या वरच्या पडद्यावर धावतात आणि तिथं दाणा येतो. त्याला फ्लिक्टेन म्हणतात. जुन्या डॉक्टरांना हे माहीत होतं. गंमत अशी, की त्या दाण्यात जंतू नसतोच."

"मग काय असतंय?" गुरसिद्ध अण्णांनी विचारलं. अण्णा शेडमधले सगळ्यात जुने विणकर. वैजूला धोटा हातात धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

"जंतूची आठवण," डॉक्टर म्हणाल्या.

थेंबाचं काम एवढंच, की त्या आठवणाऱ्या पेशींना डाव्या डोळ्यात बोलावून आणायचं आणि त्यांची झोप सावध करायची. मग आसपास कुणाच्या श्वासातून त्या प्रथिनाचा कण जरी आला, तरी एकदोन दिवसांत दाणा उठणार. उजव्यात थेंब घालायचा नाही. धूळ, धूर, डोळे येणं, रडणं, यांनी दोन्ही डोळे लाल होतात, आणि दोन्ही लाल दिसले की आरसा ते वाचन बाद करतो. एकटा डावा लाल झाला तरच ते खरं.

"मग थुंकी न् श्वास कशाला तपासताय?" रावसोने विचारलं होतं.

"कारण कोणाला, ते डोळा सांगत नाही. कुणाला तरी आहे, एवढंच सांगतो. आणि श्वासाच्या तपासणीत सापडायला जंतू बराच वाढावा लागतो. डोळा त्याच्या आधी सांगतो."

"किती आधी?"

"ते अजून नीट कळलेलं नाही."

त्या वेळी हे उत्तर कुणाला टोचलं नाही. आता दाणा आल्यावर टोचलं. चौघांचाही श्वास तपासला. चौघेही स्वच्छ. म्हणजे डोळा म्हणत होता, यांच्यात कुणीतरी आहे. तपासणी म्हणत होती, कुणी नाही. आणि या दोन बोलण्यांच्या मधल्या फटीत सगळी शेड जाऊन बसली.

उजवा

डबे वेगळे झाले. पूर्वी मधल्या सुट्टीत सगळे गोल बसायचे, आता एका ओळीत बसू लागले, भिंतीकडे तोंड करून. मुश्ताकने खाकरायचं सोडलं. सिंधूताई शिंक आली की बाहेर पळायची आणि आत येताना उगाच हसायची. वैजू ज्याच्या मागापाशी जरा जास्त वेळ थांबेल त्याच्याकडे बाकीचे बघायचे.

"काय वैजाक्का, आज माझ्याकडं लई मुक्काम?" मुश्ताक म्हणाला.

"धागा तुटला होता तुझा."

"धागाच ना? बघ बाबा. तुझा डोळा म्हणजे कोर्टच हाय आमचं."

तो हसत होता. पण दुसऱ्या दिवशी त्याने तिच्यासाठी घरून बिर्याणी आणली, आणि ती डब्यात घेताना वैजूला वाटलं, हा मला खूश का करतोय?

डावा

दाणा कुणामुळे ते शोधायची रीत ठरलेली होती. एकेकाला दहा दिवस रजा. तो माणूस ना शेडमध्ये, ना वैजूच्या आसपास. त्याच्या रजेत डोळा निवळला, तर तोच. नाही निवळला, तर तो सुटला आणि पुढचा रजेवर. साधी, कुणालाही कळेल अशी रीत.

रजा सुरू होण्याआधी डॉक्टरांनी मालकांसमोर एकच प्रश्न सगळ्यांना विचारला.

"धोट्यात धागा तोंडाने ओढत नाही ना कुणी? हूक वापरता ना?"

"व्हय की," अण्णा म्हणाले.

"हूकच," मुश्ताक म्हणाला.

"तोंडानं कोण ओढतंय आता?" सिंधूताई म्हणाली.

रावसोने मान हलवली. वैजूनेही हलवली. प्रत्येक मागाशेजारी खिळ्याला तारेचा हूक टांगलेला होता. नवाकोरा, चकचकीत. कुणी हातात घेतलेली तार अशी चकचकीत राहत नाही, पण तिकडे कुणी पाहिलं नाही.

उजवा

खरं असं होतं.

सुताची कांडी धोट्यात बसवायची. तिच्या धाग्याचं टोक धोट्याच्या भोकाशी आणायचं. बाहेरून भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. धागा सुळकन जिभेवर येतो. हुकाने हेच करायला दुप्पट वेळ लागतो, आणि तेवढ्यात शेजारचा माग थांबतो. मालकांनी बंदी घातली होती, पाटी लावली होती, आणि थांबलेला माग दिसला की ओरडतही तेच होते. म्हणून मालकांची पाठ वळली की सगळे तोंडानेच ओढायचे, आणि कुणी विचारलं की सगळे हूक म्हणायचे. यात खोटं बोलतोय असं कुणालाच वाटत नसे. पाटीचा मान राखायची ती रीत होती.

बदलीवालीला सगळ्यांचे धोटे तोंडाला लावावे लागत. त्यामुळे वैजूला एक गोष्ट माहीत होती, जी तिने कधी कुणाला सांगितली नव्हती, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. प्रत्येक धोट्याच्या भोकाला चव असते. सिंधूताईच्या धोट्याला मिश्रीची. मुश्ताकच्या धोट्याला बडीशेपेची. अण्णांच्या धोट्याला लवंगेची, कारण अण्णा खोकल्यासाठी दाढेत कायम लवंग धरून असत. आणि रावसोच्या धोट्याला तंबाखू-चुन्याची. त्या चवीवरून तिचं आणि रावसोचं लग्नापासूनचं भांडण होतं.

धागा ओढून झाला की ती बोटाने ओठ पुसायची. आणि शेडमध्ये कापसाचे तंतू इतके उडत, की त्याच बोटाने लगेच डोळा चोळायची.

डावा

पहिली रजा अण्णांची. खोकत तेच होते, म्हणून.

दहा दिवस वैजूने अण्णांचे माग चालवले. डोळा निवळला तर नाहीच, उलट दाणा फुगला, उजेड सहन होईना, गॉगल लावून ती शेडमध्ये उभी राहू लागली. अकराव्या दिवशी अण्णा पेढे घेऊन आले.

"आमचा खोकला कापसाचा गं पोरी. क्षयाबियाचा न्हवं," ते म्हणाले आणि त्यांनी वैजूच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या डोळ्यानं सोडवलं मला."

सगळ्यांनी पेढा घेतला. एका ओळीत बसलेली माणसं तेवढ्यापुरती पुन्हा गोल झाली. मग गोल हळूहळू सुटला, कारण अण्णा नाहीत तर उरलेल्या तिघांतलंच कुणीतरी.

दुसरी रजा रावसोची. त्याने दहा दिवस शिरोळला मावशीकडे राहायचं ठरलं.

निघताना त्याने बाटली तिच्या हातात दिली. "थेंब तूच घाल आता. डोळा मारत मारत."

उजवा

त्या दहा दिवसांत घर शांत होतं आणि वैजू ती शांतता तपासत होती. रावसो गेल्या थंडीत रात्री कुशीवर वळून झोपायला लागला होता, ते का? त्याने बाहेरच्या मोरीतला तांब्या वेगळा का केला? त्याचा रुमाल तिने धुवायच्या आधी उजेडात धरून पाहिला. मग पुन्हा पाहिला. त्यावर चुन्याचा डाग होता, आणि तिला तो चुन्याचाच आहे हे मान्य करायला फार वेळ लागला.

आणि एक शंका तिने स्वतःपासूनही लपवली. वर्षभर थेंब कोण घालत होतं? तोच. त्या बाटलीत थेंबच होता, पाणी नव्हतं, हे कशावरून?

दिवसभर ती त्याचे माग चालवत होती. तोंडात दिवसभर तंबाखू-चुना.

दाणा वाळत गेला. लाल शिरा एकेक करून मागे हटल्या. आरशाची कड हिरवी झाली, तेव्हा वैजूने तो भिंतीवरून काढला, उलटा करून पाहिला, पुन्हा लावला, पुन्हा समोर उभी राहिली.

हिरवी.

डावा

"म्हणजे मी," रावसो म्हणाला.

"म्हणजे तसं..." डॉक्टर बागवान म्हणाल्या. "तुमची तपासणी अजून स्वच्छ आहे. पण डोळा आधी सांगतो."

"छातीचा फोटो?"

"स्वच्छ."

"थुंकी?"

"स्वच्छ."

"म्हणजे माझ्यात कुठंच काय न्हाई. माझा रोग हिच्या डोळ्यात हाय."

योजनेत अशा माणसाला नाव होतं, आगाऊ रुग्ण. आगाऊ रुग्णाने गावाबाहेरच्या माळावर 'विसावा' नावाच्या वस्तीत राहायचं, गोळ्या घ्यायच्या, घरच्यांनी काचेपलीकडून भेटायचं. निदान सहा महिने.

गाडीत बसताना तो वैजूकडे वळला. हळू आवाजात बोलला, सासूबाईंना ऐकू जाणार नाही असा.

"खरं सांग. मिरचीचा हात लावलेलास?"

"अहो, काय बोलताय! डोळा लाल झाला म्हणून नाही, पांढरा झाला म्हणून नेतायत तुम्हाला. मिरची लावून डोळा पांढरा होतो का?"

"मग दुसरं काय लावलंस?"

गाडी गेली. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "सोडायचाच होता नवरा," त्या म्हणाल्या, "तर सरळ सोडायचास. डोळ्याचं निमित्त कशाला?"

उजवा

शेडमध्ये पुन्हा डबे एकत्र आले. सापडलं, संपलं. रावसोच्या मागांवर नवा माणूस लागला. वैजू पुन्हा चहापाण्याची बदली करू लागली, या मागावरून त्या मागावर.

विसाव्यात रावसो बारीक झाला होता. गोळ्यांनी त्याचे सांधे धरत. काचेपलीकडून तो बोलायचा ते आईच्या औषधाबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल. वैजूच्या चेहऱ्याकडे बघताना त्याची नजर डाव्या डोळ्यावर जाऊन थांबायची, आणि तिथून हलायची ती थेट जमिनीकडे.

डावा

महिन्याभराने दाणा परत आला.

वैजूने तो आरशाच्याही आधी पाहिला. स्टीलच्या ताटात.

ती मोरीत जाऊन बसली. आता हा दाणा डॉक्टरांना दाखवायचा, तर त्याचा अर्थ दोनच. एक तर आणखी कुणीतरी आहे आणि सगळी शेड पुन्हा एका ओळीत बसणार. नाहीतर रावसो कधीच नव्हता. दुसरा अर्थ तिने मनात पुरता येऊ दिला नाही. तो आला असता, तर काचेपलीकडच्या त्या माणसाला काय तोंड दाखवणार?

डॉक्टरांनी एक दुसरी बाटली दिलेली होती. दाणा फारच टोचू लागला तर घालायची, आणि घातली की लगेच कळवायचं. ते औषध चवताळलेल्या पेशींना गप्प करतं. दाणा बसतो. ज्याच्यामुळे आला तो मात्र कुठे जात नाही.

वैजूने थेंब घातला. उजवा डोळा गच्च मिटला. कळवलं नाही.

कड हिरवी.

दर काही दिवसांनी हेच होऊ लागलं. पहिल्या बाटलीने डोळ्याला जागं करायचं, दुसरीने झोपवायचं. आता ती आरशासमोर वेणी घालत नसे. शेडमध्ये कुणी "कसा हाय डोळा?" विचारलं, की तिला वाटे याला कळलंय. कुणी नाही विचारलं, तरी तिला वाटे याला कळलंय.

उजवा

मग अण्णा रबकवीला भाचीच्या लग्नाला गेले. चांगले आठवडाभर. त्यांचे माग अर्थातच वैजूकडे.

शेडमध्ये अण्णा नव्हते. गावात नव्हते. पलीकडे कर्नाटकात पंगतीत बसून होळगी, तिकडची पुरणपोळी, खात होते. तरी तिसऱ्या दिवशी दाणा असा उठला, की दुसऱ्या बाटलीलाही दबेना. डोळ्यातून पाणी, डोक्यात कळ, उजेड सुईसारखा.

आणि तोंडात लवंग.

कांडी बसवली, ओठ लावले, श्वास ओढला, धागा जिभेवर आला. धाग्याबरोबर लवंग. अण्णा तीन दिवसांपूर्वी गेले होते, पण त्यांच्या धोट्याच्या लाकडात ते अजून होते. वैजूने ओठ पुसले, डोळ्याकडे जाणारं बोट मध्येच थांबवलं आणि त्या बोटाकडे बघत राहिली.

माग चालू होता. धोटा जात होता, येत होता. तो परत आला की काठ बंद होत होता.

हवेत अण्णा नव्हते. तोंडात होते.

अण्णांच्या रजेत ती दहा दिवस अण्णांच्याच धोट्यांना तोंड लावत होती, म्हणून डोळा भडकला आणि अण्णा सुटले. रावसोच्या रजेत ती दिवसभर रावसोच्या धोट्यांवर होती, अण्णांच्या मागांकडे फिरकलीसुद्धा नव्हती, म्हणून डोळा निवळला आणि रावसो गेला. रजेवर कोण गेलं त्याने काही ठरलंच नव्हतं. ती कुणाच्या जागी उभी होती, त्याने ठरलं होतं. डॉक्टर हवा मोजत होत्या, आणि हवेपेक्षा जवळचं काही असेल तर सांगा, असं त्यांनी सगळ्यांना तोंडावर विचारलं होतं.

हूक, असं सगळे म्हणाले होते. तीसुद्धा.

उजवा

अण्णा परत आले त्या संध्याकाळी ती त्यांच्या घरी गेली. अण्णा कट्ट्यावर बसले होते. लग्नाचा नवा सदरा खांद्यावरून उतरत होता, जणू माप दिलेला माणूस दुसराच कुणी होता.

"ये गं. होळगी आणल्यात, खाऊन जा."

"अण्णा, तुम्ही तपासणी कधी केलीसा शेवटची?"

"का?"

"सांगा की."

अण्णांनी दाढेतली लवंग या गालातून त्या गालात नेली. "डोळ्यानं सोडवल्यावर कशाला करू?"

"वजन उतरलंय तुमचं."

"म्हातारपण."

"रात्री घाम येतोय?"

ते एकदम चिडले. "तू काय बोलायलीस? तुझ्याच डोळ्यानं सांगितलं की मी न्हाई म्हणून! मला वाटत होतं, वैजू. आत कायतरी कुरतडतंय असं मला वाटत होतं. पर म्हटलं, माझ्या वाटण्याला काय किंमत? वर्षानुवर्षं शिकलेल्या डॉक्टरांचा डोळा. त्यो खोटा कसा? माझ्या छातीपेक्षा तुझ्या डोळ्यावर भरवसा ठेवला मी."

वैजूला रडता येत नव्हतं. ती म्हणाली, "अण्णा, धोटा तोंडानं ओढतो ते मी सांगणार हाय उद्या."

अण्णांनी बराच वेळ रस्त्याकडे पाहिलं. "मालक हाकलतील समद्यांना."

"हाकलू देत."

"रावसोची विसाव्यातली गादी माझी हाय म्हण की," ते म्हणाले. हसायला गेले आणि खोकले. त्यांनी तोंडावर टॉवेल धरला आणि खोकला थांबल्यावरही तो लगेच काढला नाही.

"आणि तुझी दुसरी बाटली?" ते टॉवेलआडून म्हणाले. "बघितलीय मी तुझ्या पिशवीत. कधीपासून घालायलीस?"

आता रस्त्याकडे बघायची पाळी वैजूची होती.

डावा

डॉक्टर बागवानांनी अण्णांचा धोटा पिशवीत सीलबंद करून नेला. भोकाभोवतीच्या लाकडात प्रथिन सापडलं. आठवड्याने अण्णांच्या थुंकीत जंतूही सापडला. वेळ गेला होता, पण आजार हाताबाहेर नव्हता.

"दोन महिने तुम्ही दाणा दाबत होतात," डॉक्टर वैजूला म्हणाल्या. "त्या दोन महिन्यांत ते शेडमध्ये खोकत होते. सगळ्यांची तपासणी पुन्हा करावी लागेल, पुढे वर्षभर. कुणी निघालं, तर..."

त्यांनी खिळ्यावरचा हूक काढून हातात फिरवला. "हे मी बघितले होते त्या दिवशी. म्हटलं, किती स्वच्छ ठेवतात!"

दोन्ही

विसाव्याच्या फाटकावरही एक आरसा होता. आत जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यासमोर उभं राहावं लागे. वैजू उभी राहिली. आरशाने बराच वेळ घेतला, मग कड करडी झाली आणि खाली अक्षरं उमटली.

वाचन बाद. दोन्ही डोळे लाल.

रावसोला काचेपलीकडे बसवायचं कारण आता उरलं नव्हतं. तो ओसरीवर पिशवी भरून बसला होता. वैजू त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली आणि तिने सगळं सांगितलं. हूक, लवंग, दुसरी बाटली. रुमाल उजेडात धरला होता तेही. बाटलीत पाणी असेल असं वाटलं होतं तेही. काही वगळलं नाही, कारण काही वगळलं तर ते त्याला दिसेल असं तिला वाटत होतं.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "म्हणजे दहा दिवस तू माझ्याच धोट्यांना तोंड लावत होतीस."

"हो."

"तंबाखू-चुना."

"हो."

"आणि डोळा निवळला."

"हो."

"लग्न झाल्यापासून तंबाखूवरून भांडलीस," तो म्हणाला. "तिनंच तुला बरं केलं, आणि त्याबद्दल मला हितं आणून टाकलंत." त्याच्या ओठाची एक कड हलली. दुसरी हलली नाही. "मला वाटायचं, ही मुद्दाम करतीया. रात्र रात्र वाटायचं. कुणी दुसरा असेल, असंसुद्धा वाटलं. आता वाटत न्हाई. पर ते कुठं गेलं, ते बी समजत न्हाई. बसलंय कुठंतरी."

"झोपलंय," वैजू म्हणाली.

"हां. झोपलंय म्हण."

दोघं उठली. सासूबाईंनी त्या दिवशी पुरणाचा घाट घातला होता आणि भांडी वाजवली नाहीत.

सकाळी वैजूने फळीवरची बाटली काढली. योजना बंद झाली नव्हती. आता तर डोळ्याची गरज जास्त होती. पाळी संपली की धोटे आता कुलपात जात होते आणि हुकांची चमक उतरायला लागली होती. थेंब तिने स्वतः घालायला शिकून घेतला होता. तरी ती बाटली घेऊन खाटेपाशी गेली आणि त्याच्यापुढे धरली.

रावसोने बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मी? आत पाणी घालून ठेवलं असलं तर?"

"असू दे."

"आणि उद्या कड केशरी झाली तर? मी परत माळावर?"

ती उताणी पडली. रावसो वाकला. बाटलीच्या नाकाशी थेंब जमला, लोंबला, पडेना.

"उघड डोळा," तो म्हणाला.

तिने दोन्ही उघडे ठेवले.